आमदाराच्या खांद्यावरची झोळी

“पण बाबा, सगळ्यांचंच कसं ऐकायचं?”

शैलजाचा आवाज जरा चढला होता. अच्युतबाबा मठाच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सकाळी डोळे उघडायच्या आत अंगणात माणसं असतात. कोणाला रस्ता पाहिजे, कोणाला जावयाची बदली. एकाला मुलीच्या लग्नात मी यायला हवी, दुसऱ्याला त्याच लग्नात मी जायला नको. काल एक म्हातारा आला. म्हणाला, ताई, माझा गुडघा तेवढा बरा करा.”

“मग? केलास?”

“बाबा, चेष्टा नका करू.”

बाबांनी शेंगेतले दाणे सुपात टाकले आणि दुसरी शेंग घेतली.

शैलजा ठोकळ नुकतीच आमदार झाली होती. एसटीतल्या कंडक्टरची ही मुलगी, धामणखेडच्या कोर्टात वकिली करायची. ज्या घराण्याकडे ही जागा तिच्या जन्माच्या आधीपासून होती, त्या घराण्याला तिने पाडलं होतं. निकालाच्या दिवशी बाजारात माणसं रडली होती. अनोळखी बायांनी तिला बाजूला ओढून, तिच्या तोंडावरून हात फिरवून, आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली होती.

तिने मतांसाठी दारू वाटली नव्हती. जातीचं नाव घेतलं नव्हतं. जमणार नाही असा शब्द कोणाला दिला नव्हता. हे सगळं खरं होतं. आणि हे सगळं खरं आहे, हे तिला फार चांगलं माहीत होतं.

लहान असताना वडील सुट्टीच्या दिवशी तिला मठात घेऊन यायचे. पाठांतराला उभं केलं की ती ओठांतल्या ओठांत पुटपुटायची. बाबा म्हणायचे, “पोटातून बोल. मागच्या भिंतीला ऐकू जाऊ दे.” तेव्हापासून ती पोटातून बोलत आली. कोर्टात बोलली, मोर्चात बोलली, सभेत बोलली. त्या आवाजावरच ही बाई निवडणूक जिंकली, असं लोक म्हणायचे.

आज दुपारी बोरखडीत तिचा मोठा सत्कार होता. त्याआधी बाबांच्या पाया पडावं म्हणून ती आली होती. पाया पडून झालं होतं. पण मनातलं ओझं काही उतरलं नव्हतं.

“मी सोपा मार्ग काढलाय,” ती म्हणाली. “जी गावं आपल्या मागं उभी राहिली, त्यांचं आधी. जी इकडेही नव्हती आणि तिकडेही नव्हती, त्यांचं नंतर. आणि माळवस्तीसारखी...”

“माळवस्तीसारखी?”

“त्यांचं शेवटी. वेळ उरला तर.” ती थांबली. “प्रचाराला गेले होते तिथं. गाडीवर शेण टाकलं त्यांनी, बाबा.”

बाबांनी आणखी एक शेंग सोलली.

“चूक आहे का माझं?”

...

बाबांनी सूप बाजूला सारलं. भिंतीला हात टेकत उठले.

“जेवलीस का?”

“नाही. सकाळपासून वेळच नाही मिळाला.”

“मग चल. भिक्षेची वेळ झाली.”

मठाला जमीन होती, भक्त होते, कोठी धान्याने भरलेली होती. तरी ऐंशीच्या पुढे गेलेला हा माणूस रोज सकाळ सरता सरता खांद्याला झोळी लावून दारोदार जायचा. का, हे कोणी विचारलं की म्हणायचा, भूक लागते म्हणून.

शैलजाला वाटलं, आपण ओट्यावर थांबायचं, बाबा येतील. पण बाबांनी खुंटीवरची झोळी काढली आणि तिच्या खांद्यावर अडकवली.

“मी?”

“माझा खांदा दुखतो.”

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की बाबा हसत नाहीत.

“बाबा, लोक ओळखतील मला. काय म्हणतील? दीड महिना दारोदार फिरून मतं मागितली, आता...”

“आता काय?”

तिने झोळीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

“चपला इथंच ठेव,” बाबा म्हणाले. “दारात मी हाक देईन. तू फक्त झोळी पुढं करायची. बोलायचं नाही. ‘हो’ म्हणायचं नाही, ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘बघते’ तर मुळीच म्हणायचं नाही. देतील ते घ्यायचं. शिव्या दिल्या तर त्याही घ्यायच्या.”

सरकारने दिलेला पोलीस अंगरक्षक लिंबाखाली उभा होता. तो लगबगीने पुढे आला. शैलजाने त्याला हाताने थांबवलं. तिचं सगळं काम बघणारा सोपान सत्काराच्या मांडवात गेला होता, हे बरंच झालं. तो असता तर त्याने तिला जाऊ दिलं नसतं.

ऊन तापायला लागलं होतं. अनवाणी चालायची सवय मोडलेली. वाटेतला प्रत्येक खडा तिला कळत होता.

पहिलं दार निर्मलाबाईंचं होतं. त्या तिच्या प्रचारात उन्हातान्हाची पर्वा न करता हिंडल्या होत्या.

“भिक्षा वाढ माय,” बाबांनी हाक दिली.

निर्मलाबाई बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

“अगं बाई! ताई, तुम्ही? आणि झोळी?” त्यांनी बाबांकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि पदर डोळ्यांना लावला. “माझ्या दारात आमदार झोळी घेऊन उभी राहिली. आता मला काही बघायचं राहिलं नाही.”

त्या आत पळाल्या. वाटीभर शिरा घेऊन आल्या. तूप वर तरंगत होतं, बेदाणे डोकावत होते. कुंकू लावलं, ओवाळलं, शिरा पानात बांधून झोळीत ठेवला. आणि मग हळूच म्हणाल्या, “ताई, राहिलं नाही म्हणाले, पण एक राहिलंय बघा. आमच्या पोरीचं अंगणवाडीचं... तुमच्या एका शब्दावर आहे. आम्ही जिवाचं रान केलंय तुमच्यासाठी.”

शैलजाने तोंड उघडलं. बाबांची काठी जमिनीवर टक्‌कन वाजली.

तिने तोंड मिटलं.

निर्मलाबाई वाट बघत राहिल्या. शैलजाने झोळी कपाळाला लावली आणि ती मागे फिरली. पाठीवर त्यांची नजर टोचत होती. एरवी तिने ‘बघते हं’ म्हटलं असतं आणि दोघीही सुटल्या असत्या.

पुढचं घर पत्र्याचं. अंगणातल्या बाजेवर लिंबाजीआबा बसले होते. दोन्ही डोळे गेलेले. बाबांची काठी त्यांना ओळखू आली.

“या बाबा. आज दोन पावलं ऐकू येतात. कोन हाय संगं?”

“एक शिकाऊ आहे,” बाबा म्हणाले.

“असू द्या, असू द्या.” आबांनी बाजेखाली हात घातला, चाचपत गुळाचा खडा काढला आणि पुढे धरला. शैलजाने वाकून झोळी त्यांच्या हाताखाली नेली.

“बाबा, तुमी सगळीकडं फिरता म्हनून इचारतो,” आबा म्हणाले. “ती नवी आमदारीन कशी हाय?”

शैलजा जागच्या जागी थिजली.

“का विचारतोस?”

“न्हाई म्हनलं, आमी लई आशा लावून बसलोय. नातवाच्या खांद्यावर हात ठिवून गेलो मतदानाला. तिचं भाषन ऐकलं होतं. दिसत तर न्हाईच मला, पन आवाज खरा वाटला. म्हनलं, मरायच्या आदी एकदा तरी आपलं मत वाया जाऊ नये.”

“काय पाहिजे तुला तिच्याकडून?”

आबा विचारात पडले. कोंबडीची पिल्लं बाजेखालून इकडून तिकडे गेली.

“मला काय पाहिजे आता? पेन्शन येती. पोरगं बघतंय. ... एवढंच की, तिनं तोंड चुकवू नये. आधीचे सायेब लांबून कुनी म्हातारं दिसलं की गाडीची काच वर घ्यायचे. काच वर जाती तवा बारीक आवाज होतो बाबा. लोकांना ऐकू येत न्हाई. मला येतो.”

बाबांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. शैलजाला वाटलं, या माणसाचे पाय धरावेत, सांगावं की मीच ती. पण बोलायचं नव्हतं.

वाटेने जाताना तिने मनाशी आठवून पाहिलं. आपल्या गाडीची काच कधी वर गेली होती? कालच गेली होती. धूळ येत होती म्हणून. धूळच होती का फक्त?

तिसऱ्या दारात एक बाई मेथी निवडत बसली होती. आत पाळण्यात तान्हं मूल होतं आणि कोणीतरी झोका देत होतं.

बाईने शैलजाला ओळखलं, पण ना उठली, ना हसली.

“भाषन झ्याक करता बाई तुमी,” ती म्हणाली. “दवाखान्याच्या पायरीवर उभं ऱ्हाऊन बोलला होता तुमी. टाळ्या मीबी वाजवल्या. पन त्याच दवाखान्यात बाई डॉक्टर न्हवती म्हनून तालुक्याला नेता नेता माझी सून ट्रॅक्टरमधी बाळंत झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी. लोक अजून गुलाल खेळत होते.”

शैलजाची मान खाली गेली. ही गोष्ट तिच्यापर्यंत आलीच नव्हती. की आली होती, आणि हारतुऱ्यांत कुठेतरी हरवली?

बाईने चुलीवरची सकाळची मेथीची भाजी पळीने काढून पानावर घातली. “कडू झालीया. आज एवढीच हाय.”

झोळी कपाळाला लावताना शैलजाला पाळण्यातलं मूल दिसलं. एवढंसं. मूठ आवळून झोपलेलं.

“परतायचं का आता?” ओढ्याच्या काठावर आल्यावर तिने विचारलं. घरं संपली होती.

बाबा ओढ्यात उतरले. पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडे माळवस्ती होती.

“बाबा...”

ते पाणी ओलांडून पलीकडे गेलेसुद्धा.

ती काठावर उभी राहिली. तिथं आपल्याला कोणी ओळखलं नाही असं होणार नव्हतं. इथल्या घरांवर अजून समोरच्या पक्षाचे झेंडे होते. अंगरक्षकाला मठातच ठेवून आलो, हे आठवून तिला पहिल्यांदा भीती वाटली. आणि भीतीपेक्षाही वाईट वाटली ती लाज. हरलेल्यांच्या दारात जिंकलेल्याने हात पसरायचा...

तिने साडी जरा वर खोचली आणि पाण्यात पाय घातला.

वस्तीतल्या पहिल्याच घरापुढे धुरपदाबाई उभ्या होत्या. साठीच्या, हाडापेराने मजबूत, कपाळावर आडवं गोंदण. गोठ्यात एक गाय बांधलेली होती. गोठ्याला लागून जमिनीवर एक मोठा काळा गोल डाग होता. गोठ्याच्या छपराला आधार देणारी एक मेढही कोळपून काळी पडली होती.

शैलजाची नजर त्या डागावर थांबली.

निकालाच्या संध्याकाळी मिरवणूक इथून गेली होती. गाडीच्या टपावर उभी राहून ती हात हलवत होती. मागे कुठेतरी आरडाओरडा झाला, तेव्हा तिने सोपानला विचारलं होतं, काय झालं? तो म्हणाला होता, काही नाही ताई, कोणाची तरी कडब्याची गंजी पेटली म्हणतात. विरोधकांचं नाटक असेल, सकाळी बघू.

सकाळी पुन्हा हार आले होते. तिने विचारलं नव्हतं. आणि विचारावंसं वाटलं नव्हतं, हेही खरं होतं.

“भिक्षा वाढ माय,” बाबा म्हणाले.

धुरपदाबाई शैलजाकडे बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली.

“बाबा, हिला कशाला आनलं?”

“भुकेली आहे,” बाबा म्हणाले.

...

“भुकेली हाय व्हय?” धुरपदाबाई दोन पावलं पुढे आल्या. “तुझ्या फटाक्यानं माझी गंजी जळाली. सगळ्या सालाचा चारा होता. इझवायला गेले तर तुझी पोरं नाचत होती. मी ओरडले, तर त्यांस्नी वाटलं म्हातारीबी नाचाय लागली.”

शैलजाचे ओठ हलले. भरपाई, पंचनामा, तहसीलदार, असे सगळे शब्द तिच्या घशापर्यंत आले. वकील होती ती. असे शब्द तिच्याकडे पोत्याने होते.

ती बोलली नाही.

“मी तुला मत दिलं न्हवतं,” धुरपदाबाई म्हणाल्या. “पुढच्या बारीलाबी देनार न्हाई, आत्ताच सांगते. पन एक सांग मला. माझी गाय कुनाला मत देती?”

कोणी हसलं नाही. गाय मान हलवत होती, गळ्यातली घाटी वाजत होती.

शैलजाला त्या बाईच्या नजरेला नजर देणं जड जात होतं. पण लिंबाजीआबांचं बोलणं आठवलं आणि तिने तोंड फिरवलं नाही. ती बघत राहिली. डोळे भरून आले, तरी पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांनी झोळी धरलेली होती.



मग धुरपदाबाई वळल्या आणि घरात गेल्या. दार लावून घेतील, असं शैलजाला वाटलं. पण आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. थप् थप्... थप् थप्... सगळी वस्ती उन्हात उभी राहून तो आवाज ऐकत होती.

त्या बाहेर आल्या तेव्हा हातात ज्वारीची भाकरी होती. एका अंगाने चांगलीच करपलेली.

“ध्यान नव्हतं माझं,” त्या म्हणाल्या. “करपली. ... धर. गरम हाय, हात भाजंल.”

शैलजा वाकली. झोळी कपाळाला लावताना तिचा हुंदका फुटला तो फुटलाच. पण शब्द फुटला नाही.

परतीच्या वाटेवर ओढा ओलांडल्यावर ती म्हणाली, “बाबा, मी तिथं बोलले असते तर?”

“काय बोलली असतीस?”

“भरपाई मिळवून देते म्हणाले असते.”

“मग?”

ती चालता चालता थांबली.

“मग... तिचं बोलणं तिथंच थांबलं असतं. गायीचं ती बोललीच नसती.”

बाबांनी काठी टेकत वाट धरली.

मठाखालच्या वडाजवळ ते पोचले, तेवढ्यात धुरळा उडवत गाडी आली. सोपान उडी मारूनच उतरला.

“ताई! अहो काय हे? फोन मठात, चपला मठात! सगळा मांडव खोळंबलाय. जेसीबी आणलाय पोरांनी, वरून फुलं उधळणार आहेत. चला लवकर.” मग त्याचं लक्ष झोळीकडे गेलं. “हे काय?”

“सोपान,” शैलजा म्हणाली, “माळवस्तीतली गंजी आपल्या फटाक्याने जळाली.”

“ताई, ते मी तेव्हाच सांगितलं ना, त्या लोकांचं नाटक...”

“मी ती जागा बघून आले.”

सोपानने मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. प्रचारात तापाने फणफणलेला असतानाही तिच्यासाठी गावोगाव फिरला होता.

“माझ्या शेतातला कडबा ट्रॅक्टरमध्ये भर,” ती म्हणाली. “आजच धुरपदाबाईंच्या गोठ्याशी रचून दे. तू स्वतः रच. फोटो काढायचा नाही.”

“बरं. पण सत्कार?”

“जेसीबी परत पाठव. मांडवातल्या लोकांना सांग, ज्यांना मला भेटायचंय त्यांनी संध्याकाळी माळवस्तीवर यावं. मी तिथं बसणार आहे.”

“माळवस्तीवर? ताई, तिथं आपलं एक मत नाही!”

“माहीत आहे.”

“आपली माणसं चिडतील.”

“चिडतील. त्यांचंही ऐकीन. पण आधी तिथं सगळ्यांसमोर सांगेन की चूक आमची होती, आणि मला कळूनही मी विचारलं नाही. ही चूक माझी होती.”

सोपान तिच्याकडे बघत राहिला. मग तो गाडीकडे वळला. जाताना म्हणाला, “कडबा मीच रचतो, ताई.”

त्या संध्याकाळी माळवस्तीवर जे झालं ते तालुक्यात पुढे बरेच दिवस लोक सांगायचे. आमदार जमिनीवर बसली होती. तिला दोन्हीकडून बोलणी बसली. आपल्या माणसांनी ऐकवलं, दुसऱ्यांनीही ऐकवलं. निर्मलाबाईंना ती म्हणाली, तुमच्या मुलीसाठी मी शब्द टाकणार नाही, तिचा नंबर लागला तर तिच्या गुणावर लागेल. निर्मलाबाई तोंड फिरवून निघून गेल्या आणि दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. दवाखान्यात बाई डॉक्टर यायला उशीर झाला, पण ती आली. येईपर्यंत शैलजा दर आठवड्याला त्या पायरीवर जाऊन बसायची आणि येणाऱ्या बायांना सांगायची, अजून झालं नाही. लिंबाजीआबांकडे ती दुसऱ्याच दिवशी गेली. तिने नुसतं “आबा” म्हटलं, आणि आबांनी तो आवाज ओळखून बाजेवर तिच्यासाठी जागा केली. धुरपदाबाईंनी पुढच्या निवडणुकीत तिला मत दिलं की नाही, ते कोणालाच कळलं नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी गाडी निघून गेली, धुरळा खाली बसला आणि वडाच्या सावलीत दोघंच उरली. शैलजाला एकदम हलकं वाटत होतं. कित्येक दिवसांनी तिला मोकळा श्वास येत होता. आपण आज काहीतरी बरं केलं, असं तिच्या मनात आलं. बाबा एखादा शब्द बोलतील, असंही आलं. लहानपणी पाठांतर बिनचूक झालं की ते डोक्यावर हात ठेवायचे.

बाबांनी डोक्यावर हात ठेवला नाही. त्यांनी झोळी सोडली. दोन पत्रावळी मांडल्या. सगळी भिक्षा एकत्र करून दोघांत वाढली. शिऱ्याला मेथीचा रस लागला होता, गूळ भाकरीला चिकटला होता.

“घे,” ते म्हणाले.

शैलजाला भूक लागली होती. तिने आधी शिरा उचलला. तुपाचा घास जिभेवर विरघळला, तिने डोळे मिटले. मग गुळाचा खडा घेतला. त्याला लागलेली भाजी बोटाने निपटून काढली. मेथी पत्रावळीच्या कडेला सारली. भाकरीचा मऊ, पांढरा भाग तोडून घेतला आणि करपलेला तुकडा अलगद बाजूला ठेवला.

समोर बाबा शांतपणे जेवत होते. जे हाताला येईल ते घेत होते. गोड, कडू, जळकं, सगळं एकाच चवीने खात होते.

शैलजाने दुसऱ्यांदा शिऱ्याकडे हात नेला.

बाबांचा हात थांबला. त्यांनी तिच्या पत्रावळीच्या कडेला सारलेली मेथी आपल्या बोटांनी पुन्हा मध्ये ओढली. करपलेला तुकडा उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

तिने त्यांच्याकडे पाहिलं.

“निवडून आलीस ना, पोरी?” बाबा म्हणाले. “मग आता निवडून खाऊ नकोस.”